खालच्या माणसाला काही दिसत नाही

पोफळीचं वाळलेलं झाप विरीसकट खाली पडलं, की कोकणातल्या पोरांना गाडी मिळाली. एकाने रुंद विरीवर बसायचं, दुसऱ्याने झापाचं टोक धरून ओढायचं. आमच्या घरामागे चांगला उतार होता, त्यामुळे ओढणाऱ्याची गरज नसे. दोघं एकामागे एक बसून थेट खालच्या गडग्यापर्यंत जात. पुढच्याने बघायचं आणि मागच्याने त्याची कंबर धरून बसायचं, असा नियम. मी धाकटा, त्यामुळे कायम मागे. गडगा किती जवळ आला हे मला फक्त भावाच्या पाठीवरून कळे. पाठ ताठ झाली की पाय रोवायचे. ती वेळेवर ताठ झाली नाही तर गुडघे फुटत, आणि घरी गेल्यावर आईचा मार दोघांना सारखाच.

ही आठवण यायचं कारण मात्र फार लांबचं आहे. हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज नावाचा एक खेळ असतो. आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा, नाहीतर मनालीच्या सहलीतल्या फोटोतला. त्यामुळे हा खेळ आपल्या घरांत फारसा पोचलेला नाही. काँक्रीटचा अर्ध्या नळीसारखा, डोंगरावरून वळणं घेत उतरणारा साधारण सव्वा-दीड किलोमीटरचा मार्ग. त्यावर यंत्राने गोठवलेला बर्फाचा थर. आणि त्यावरून दोन पोलादी पात्यांवर घसरणारी एक लहानशी गाडी. खेळाडू त्या गाडीवर उताणा झोपतो, पाय पुढे, डोकं मागे. ब्रेक नाही, सुकाणू नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला जेवढ्या वेगाची परवानगी आहे, त्याहून अधिक वेगाने तो खाली येतो. ताशी एकशे वीस, एकशे तीस किलोमीटर, आणि पाठीखाली बर्फ जेमतेम काही इंचांवर.

हे एकट्याचं झालं. याच खेळात एक दुहेरी प्रकारही आहे. त्यात त्याच एवढ्याशा गाडीवर दोघं झोपतात; शेजारी-शेजारी नव्हे, तर एकावर एक. वरचा रस्ता बघतो. खालच्याच्या डोळ्यांपुढे वरच्याचा खांदा, शिरस्त्राण आणि फार तर आकाशाची एक चिंधी. माझ्या भावाच्या पाठीचीच गोष्ट, फक्त गडग्याच्या जागी बर्फाची भिंत.

प्रथम ऐकणाऱ्याला वाटतं, की खालचा माणूस म्हणजे निव्वळ ओझं. तसं मुळीच नाही. गाडीची पाती पुढच्या टोकाला वर वळलेली असतात. त्या वळणावर पोटऱ्यांनी दाब दिला की गाडी दिशा बदलते. खांदे किंचित दाबले की मागची बाजू वळते. हे दोघांनाही करावं लागतं. वरच्याने उजवी पोटरी दाबली आणि खालच्याचा खांदा क्षणभर उशिरा आला, तर गाडी आडवी जाऊ लागते. वळणावर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट दाब येतो. खालच्याच्या वाट्याला स्वतःचा दाब तर असतोच, वर आणखी एक माणूस. बोलायला वेळ नाही आणि वाऱ्याच्या आवाजात ऐकूही येणार नाही. वरच्याच्या मानेची हालचाल, पाठीचा ताण एवढीच काय ती भाषा. म्हणून खालच्याला सगळा मार्ग पाठ असावा लागतो. शर्यतीच्या आधी हे खेळाडू डोळे मिटून उभे राहतात, मान हलवत, हात पुढे वळवत मनातल्या मनात सगळा उतार उतरून येतात. बघणाऱ्याला ते ध्यान लावून बसलेले वाटतात. खरं म्हणजे ती उजळणी असते, परीक्षेच्या वर्गाबाहेर मुलं करतात तशी.

जोडी कशी जमते, यालाही गंमत आहे. सर्वसाधारणपणे वरचा अंगाने मोठा, खालचा थोडा आटोपशीर. मोठ्या देहाने लहान देह झाकला की वाऱ्याचा अडथळा कमी. म्हणजे इथे पत्रिका जुळण्याआधी उंची आणि वजन जुळावं लागतं. स्वभाव जुळले तर उत्तमच. न जुळले तरी वर्षानुवर्षं एकाच खोलीत राहायचं, एकच गाडी घासायची, आणि ऑलिंपिकमध्ये दोन फेऱ्यांच्या मिळून शे-सव्वाशे सेकंदांत चार वर्षांचा हिशेब द्यायचा. एकाने खेळ सोडला की दुसऱ्याचीही कारकीर्द थांबते. निदान नवा जोडीदार मिळून सगळं पहिल्यापासून बसेपर्यंत तरी. घटस्फोटही इतका महाग पडत नसेल.

ल्यूज ऑलिंपिकमध्ये आला तो १९६४ साली, इन्सब्रुकला, आणि दुहेरी तेव्हापासूनच आहे. विजेत्यांची यादी काढली तर बहुतेक नावं जर्मन, ऑस्ट्रियन आणि इटलीच्या दक्षिण टिरोलमधली. हा आल्प्सच्या खेड्यांचा खेळ. मुलं शाळेतून घरी येताना लाकडी घसरगाडीवरून येतात, त्यातलीच काही पुढे ऑलिंपिकला जातात. पण मला या यादीत नसलेल्या नावांबद्दल सांगायचं आहे. ती नावं युक्रेनची.

युक्रेन स्वतंत्र झाला १९९१ साली. त्याआधी सोव्हिएत संघाने ल्यूजमध्ये बऱ्यापैकी जम बसवला होता. १९८० साली लेक प्लॅसिडला वेरा झोझुल्या हिने महिलांचं सुवर्ण जिंकलं, १९८४ ला सारायेवोत बेलोउसोव आणि बेल्याकोव या सोव्हिएत जोडीने दुहेरीचं रौप्य. १९८६ मध्ये लॅटव्हियातल्या सिगुल्डा या गावी गोठवलेल्या बर्फाचा कायमस्वरूपी ट्रॅक झाला आणि मोठ्या देशातल्या सगळ्या चांगल्या खेळाडूंना सरावाची हक्काची जागा मिळाली. मग देश मोडला. घर मोडताना भांडीकुंडी वाटली जातात, तशी इथेही वाटणी झाली. सिगुल्डाचा ट्रॅक लॅटव्हियाच्या वाट्याला गेला, कारण तो त्यांच्या जमिनीवर होता. वेरा झोझुल्याही मूळची लॅटव्हियाचीच. युक्रेनच्या वाट्याला खेळाडू आले, प्रशिक्षक आले, गाड्या आल्या. बर्फ आला नाही.

म्हणजे तिथे थंडी पडत नाही असं नव्हे. पश्चिम युक्रेनमध्ये कार्पेथियन डोंगर आहेत, चांगला हिमवर्षाव होतो. ल्विव शहर आणि तेर्नोपिल प्रांतातलं क्रेमेनेत्स नावाचं एक जुनं गाव ही या खेळाची ठिकाणं. क्रेमेनेत्सच्या डोक्यावर बोना राणीच्या नावाचा डोंगर आहे आणि त्यावर पडक्या किल्ल्याच्या भिंती. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाला असावा तसाच. तिथल्या उतारांवर मुलं ल्यूज शिकतात. पण जागतिक स्पर्धा होतात त्या यंत्राने गोठवलेल्या, काँक्रीटच्या ट्रॅकवर. तसा एकही ट्रॅक युक्रेनमध्ये नव्हता. खेडेगावच्या विहिरीत पोहायला शिकून थेट ऑलिंपिकच्या तलावात उतरावं, तसा हा प्रकार.

१९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकला मोडलेल्या सोव्हिएत देशाचे खेळाडू संयुक्त संघ म्हणून ऑलिंपिकच्याच ध्वजाखाली उतरले होते. युक्रेनने स्वतःच्या निळ्या-पिवळ्या झेंड्याखाली पहिलं हिवाळी ऑलिंपिक खेळलं ते १९९४ साली, नॉर्वेतल्या लिलेहामरला. त्या संघात दुहेरी ल्यूजची एक जोडी होती, इहोर उर्बान्स्की आणि आंद्रीय मुखिन. दोघंही सोव्हिएत काळात वाढलेले. जन्मले एका देशात, खेळायला उतरले दुसऱ्या देशाकडून, आणि यासाठी त्यांना घर बदलावं लागलं नव्हतं.

लिलेहामरचं ते ऑलिंपिक युक्रेनच्या लोकांना आठवतं ते ओक्साना बायुलसाठी. सोळा वर्षांची, आई गमावलेली ही मुलगी. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी सरावात टक्कर होऊन पायाला टाके पडले होते. तशाही स्थितीत तिने फिगर स्केटिंगचं सुवर्ण जिंकलं. पण पदक द्यायची वेळ आली आणि समारंभ खोळंबला. युक्रेनच्या राष्ट्रगीताची ध्वनिफीत सापडेना! प्रेक्षक ताटकळले, रौप्य जिंकणारी अमेरिकन नॅन्सी केरिगन वैतागली. बायुल मेकअप करत बसल्यामुळे उशीर होतोय असा तिचा समज झाला होता. नव्या देशाची अडचण ही अशी असते. तुम्ही सुवर्णपदक जिंकाल, असं कोणी धरलेलंच नसतं.

ल्यूजच्या ट्रॅकवर उर्बान्स्की-मुखिनसाठी राष्ट्रगीत शोधायची वेळ आली नाही. त्या दिवशी सुवर्ण आणि रौप्य दोन्ही इटलीकडे गेली. सुवर्ण कुर्ट ब्रुगर आणि विलफ्रीड हुबर यांचं, रौप्य हान्सयोर्ग राफ्ल आणि नॉर्बर्ट हुबर यांचं. विलफ्रीड आणि नॉर्बर्ट हे सख्खे भाऊ. एकाच घरातले दोघं दोन वेगळ्या गाड्यांवर. त्यांच्या घरात त्या रात्री जेवणाच्या टेबलावर काय बोलणं झालं असेल, असा विचार माझ्या मनात अनेकदा आला आहे. कांस्य जर्मनीच्या श्टेफान क्राउसे आणि यान बेरेन्ट यांना मिळालं.

या क्राउसे आणि बेरेन्टची गोष्ट युक्रेनच्या जोडीच्या शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. दोघंही पूर्व जर्मनीच्या इल्मेनाऊ गावचे, एकाच वर्षी जन्मलेले. १९८८ साली कॅलगरीत त्यांनी पूर्व जर्मनीसाठी रौप्य जिंकलं. पुढच्या ऑलिंपिकपर्यंत त्यांचाही देश नकाशावरून गेला. पण ते ज्या जर्मनीत विरघळले तिथे पैसा होता, ओबरहोफ, आल्टेनबर्ग, विंटरबर्ग, क्योनिग्सझे असे एक सोडून चार ट्रॅक होते, आणि खेळाची साधनं तयार करणारी बर्लिनमधली संशोधन संस्थाही होती. १९९२ ला त्यांनी एकत्र जर्मनीसाठी सुवर्ण जिंकलं, १९९८ ला नागानोत पुन्हा सुवर्ण. देश मोडण्याचा धक्का दोन्ही जोड्यांना बसला. एकीच्या पायाखाली बर्फ राहिला, दुसरीच्या नाही. कौशल्यात फरक असेलच, तो मी नाकारत नाही. पण सगळा फरक कौशल्याचाच होता, असं मात्र मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

नागानोला १९९८ मध्ये उर्बान्स्की आणि मुखिन पुन्हा एकत्र उतरले. चार वर्षं झाली होती. त्या शर्यतीत पहिल्या आणि दुसऱ्या जोडीत अंतर होतं सेकंदाच्या बावीस हजारांश भागांचं. हो, या खेळात घड्याळ सेकंदाचे हजार तुकडे करतं. ताशी एकशे वीस किलोमीटरच्या वेगात एका हजारांश सेकंदात गाडी साधारण तीन सेंटिमीटर पुढे जाते, आपल्या अंगठ्याच्या एका पेराएवढी. त्याच नागानोत महिलांच्या एकेरीत चार फेऱ्यांनंतर सुवर्ण आणि रौप्य यांत केवळ दोन हजारांश सेकंदांचा फरक पडला. असा हिशेब असलेल्या खेळात ज्याने एका ट्रॅकवर लहानपणापासून हजारो फेऱ्या मारल्या आणि जो स्पर्धेच्या आठवड्यात मोजक्या फेऱ्यांसाठी तिथे पोचला, ते दोघं एकाच रांगेत उभे राहतात.

कशासाठी उभे राहतात मग? हा प्रश्न तुम्हाला पडेल, मलाही पडला. एका युक्रेनियन दुहेरी खेळाडूचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात चाकं लावलेल्या गाडीवर डांबरी रस्त्यावर सराव, आणि खांद्यांसाठी वजनं उचलणं. कारण शर्यतीची सुरुवात होते ती दोन्ही बाजूंच्या मुठी धरून मागे-पुढे झोके घेत स्वतःला झोकून देण्याने. त्यानंतर बोटांना टोकदार खिळे लावलेले हातमोजे घालून बर्फ ओरबाडत आणखी थोडा वेग घ्यायचा आणि आडवं व्हायचं. हे दोघांनी एका तालात करायचं. शरद ऋतूत गाडी घेऊन देशाबाहेर पडायचं. लिलेहामर, सिगुल्डा, जर्मनीतले ट्रॅक, ऑस्ट्रियातलं इग्ल्स, कधी अटलांटिकपलीकडे लेक प्लॅसिड किंवा कॅलगरी. प्रत्येक ठिकाणी फेऱ्यांचे पैसे, राहण्याचे पैसे. रात्री खोलीत बसून पाती घासायची. बारीक पॉलिश कागदाने तासन् तास. पात्यांच्या कडेला कोणता कोन द्यायचा, हे प्रत्येक संघाचं गुपित. आमच्या आजीचं गोडा मसाल्याचं प्रमाण जसं शेजारणीला कधी कळलं नाही, तसं. पाती तापवून नेणं निषिद्ध आहे, कारण गरम पोलाद बर्फावर अधिक सरकतं. १९६८ साली ग्रेनोबलला पूर्व जर्मनीच्या मुलींना याच आरोपावरून बाद केलं गेलं होतं. म्हणून सुरुवातीच्या आधी पात्यांचं तापमान मोजतात.

जर्मनी-इटलीतल्या अशा खेळाडूंना लष्कर किंवा पोलीस दलात नोकरी असते. पगार चालू, काम फक्त खेळायचं. युक्रेनमध्ये नव्वदच्या दशकात पगाराच्या आकड्यावरची शून्यं वाढत होती आणि त्यात मिळणारी भाजी कमी होत होती. अशा दिवसांत एका देशाने बिनट्रॅकचा, बिनपदकाचा खेळ सोडून दिला असता तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी तो सोडला नाही. २००६ मध्ये ट्युरिनच्या उद्घाटन सोहळ्यात युक्रेनचा झेंडा धरून चालत होती नतालिया याकुशेंको. २०१० मध्ये व्हँकुव्हरला तो धरला लिलिया लुदानने. दोघीही ल्यूजच्या खेळाडू. ज्या खेळाने देशाला ऑलिंपिकचं एकही पदक दिलेलं नव्हतं, त्या खेळातल्या दोघींच्या हाती लागोपाठ दोनदा झेंडा दिला गेला. पदकांच्या तक्त्यात ही गोष्ट दिसत नाही.

व्हँकुव्हरचं ते ऑलिंपिक ल्यूजच्या इतिहासात काळ्या अक्षरांत लिहिलं गेलं आहे. उद्घाटनाच्या दिवशीच, १२ फेब्रुवारी २०१० ला, जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली सरावाच्या फेरीत ट्रॅकबाहेर फेकला गेला आणि लोखंडी खांबावर आपटून मरण पावला. एकवीस वर्षांचा मुलगा. जॉर्जियाही जुन्या सोव्हिएत घरातलाच, आणि त्या मोठ्या, अतिवेगवान ट्रॅकवर मोजक्याच फेऱ्या मिळालेल्या देशांपैकी एक. त्यानंतर सुरुवातीच्या जागा खाली आणल्या गेल्या आणि स्पर्धा झाली. दुहेरीच्या जोड्या पाच दिवसांनी त्याच बर्फावरून उतरल्या. त्या दिवशी खालच्या जागेवर झोपणाऱ्या प्रत्येकाला त्या वळणाच्या आधी आपल्याला काहीच दिसणार नाही हे ठाऊक होतं.

या गोष्टीचा एक धागा आपल्या सह्याद्रीतही आहे आणि तो फारच थोड्यांना माहीत आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ल्यूजच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने बर्फ नसलेल्या देशांत खेळाडू शोधायचे ठरवले. ऑस्ट्रियाचा माजी ल्यूज खेळाडू ग्युंटर लेमेरर यासाठी भारतात आला आणि शिबिर भरलं चक्क पाचगणीत. चाकं लावलेल्या गाड्या, डांबरी उतार. तिथे आलेल्या मुलांत मनालीकडचा एक शाळकरी मुलगा होता, शिवा केशवन. १९९८ साली नागानोला तो भारताकडून एकेरीत उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्यानंतर २०१८ पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिक. सरावासाठी तो हिमालयातल्या घाटरस्त्यांवर चाकांच्या गाडीवर झोपून ट्रकच्या आणि मेंढ्यांच्या कळपांच्या मधून उतरत असे. २०१४ ला सोचीत तर भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्यामुळे त्याला तिरंग्याविना खेळावं लागलं. नागानोच्या त्याच बर्फावर, त्याच दिवसांत युक्रेनची जोडी आणि पाचगणीच्या रस्त्यावर हा खेळ शिकलेला मुलगा, दोघंही होते. बिनट्रॅकच्या देशांचं एक वेगळंच गोत्र असतं, असं म्हणायला हरकत नाही.

फरक इतकाच, की केशवनला घरी परतताना घर जागेवर असेल याची खात्री होती.

सोचीच्या २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये युक्रेनचे खेळाडू रशियाच्या भूमीवर खेळत होते आणि फेब्रुवारीच्या १८ ते २० तारखांना त्यांच्या राजधानीत, कीवच्या मैदानावर, निदर्शकांवर गोळ्या झाडल्या जात होत्या. ऑलिंपिक संपून काही आठवडे होतात न होतात तोच क्रिमिया गेला. आठ वर्षांनी बीजिंग. यानचिंगच्या ट्रॅकला सोळा वळणं, त्यांतलं एक पूर्ण गोल फिरणारं. तिथे युक्रेनकडून दुहेरीत इहोर स्ताखिव आणि आंद्रीय लिसेत्स्की ही जोडी उतरली. त्याच ट्रॅकवर ११ फेब्रुवारी २०२२ ला व्लादिस्लाव हेरास्केविच या युक्रेनच्या स्केलेटन खेळाडूने फेरी संपल्यावर कॅमेऱ्यासमोर एक कागद धरला. युक्रेनमध्ये युद्ध नको, एवढंच त्यावर लिहिलं होतं. ऑलिंपिक २० तारखेला संपलं. २४ ला पहाटे रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं.

त्या दिवशी लागू झालेल्या लष्करी कायद्याने अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला मनाई केली. नागरी विमानं बंद पडली. राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंना सरकारच्या खास परवानगीने बाहेर जाता येऊ लागलं. दुहेरी ल्यूजच्या खेळाडूसाठी याचा अर्थ काय होतो, पाहा. त्याच्या देशात ट्रॅक नसल्यामुळे बाहेर गेल्याशिवाय खेळ नाही. म्हणजे परवानगीचा कागद घ्यायचा, गाडी घ्यायची, ल्विवपासून साधारण सत्तर किलोमीटरवरची पोलंडची सरहद्द रस्त्याने किंवा रेल्वेने ओलांडायची. बरोबरीचे कित्येक जण आघाडीवर असताना आपण उतारावर गाडी घसरवायला निघालो आहोत, हे मनात ठेवून ओलांडायची. आणि हंगाम संपला की परत यायचं. पूर्वी बाहेर जाणं महाग होतं. आता परत येणंही सोपं राहिलं नव्हतं. वरच्याला रस्ता दिसतो म्हटलं, पण त्या वर्षी कोणाला किती पुढचं दिसत होतं?

मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ल्यूज संघटनेने रशियन खेळाडूंना स्पर्धांतून बाहेर ठेवलं. तेव्हा संघटनेच्या अध्यक्षपदी लॅटव्हियाचे एइनार्स फोगेलिस होते. जुन्या घरातल्या वाटणीचे हिशेब असे कुठून कुठून पुन्हा समोर येतात.

मधल्या काळात या खेळात एक बदल झाला, तो सांगायलाच हवा. दुहेरीत बायकांना बंदी आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण ऑलिंपिकच्या गाडीवर वर्षानुवर्षं पुरुषच झोपत आले. महिला दुहेरीची वेगळी स्पर्धा जागतिक पातळीवर गेल्या काही वर्षांतच रुजली; २०२३ साली ओबरहोफच्या जागतिक स्पर्धेत ती होती, आणि २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा आली. युक्रेनने लगेच जोडी तयार केली, ओलेना स्टेत्स्कीव आणि ओलेक्सांद्रा मोख. यातली स्टेत्स्कीव आधी एकेरीत ऑलिंपिक खेळलेली. एकेरीची सवय असलेल्या खेळाडूला दुहेरीत येणं किती जड जात असेल, याची कल्पना करा. आजवर चूक झाली तर ती आपली आणि दुखापतही आपलीच होती. आता दोन्ही वाटून घ्यायच्या.

मोठ्या संघांकडे या नव्या प्रकारातही चार-चार जोड्या, पर्यायी गाड्या, वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्या आहेत. बिनट्रॅकच्या देशासाठी मात्र नवा प्रकार म्हणजे नवी संधी. इथे सगळ्यांचीच सुरुवात असते. कोणाच्या गाठीशी तीस वर्षांच्या फेऱ्या नसतात. शिवाय सोचीपासून सुरू झालेल्या सांघिक शर्यतीत दुहेरीशिवाय संघच उभा राहत नाही. तिथे एकेक गाडी खाली आली की अंतिम रेषेवर टांगलेल्या फलकावर हात मारायचा. तो लागला की वरच्या गाडीसाठी दार उघडतं. दुहेरीत फलकाला हात लावायचा तो वरच्यानेच. हात चुकला तर सगळ्या संघाची फेरी वाया. खालच्याला तो लागला की नाही हे फक्त वरच्याच्या अंगाच्या हिसक्यावरून कळतं.

रेषा ओलांडल्यावर मार्ग वर चढू लागतो. तिथे दोघंही उठून बसतात, पाय बर्फात रोवतात, गाडीचं पुढचं टोक हातांनी उचलतात, आणि बर्फाचा भुगा उडवत ती थांबते. वरचा आधी उतरतो. मग खालचा. शिरस्त्राणाची काच वर करून तो पहिल्यांदा मागे वळतो, ज्या उतारावरून आपण आलो तो कसा दिसतो हे बघायला, आणि नंतर घड्याळाकडे.